सव्वासहा घोडे आणि दीड घोडा

नोटिशीतल्या ‘प्रत्येक घरामागे एकच दुचाकी’ या वाक्याखाली सेक्रेटरींनी लाल शाईने दोन रेघा ओढल्या होत्या. आमच्या इमारतीत रेघा ओढलेलं वाक्य कुणातरी एकालाच उद्देशून असतं, आणि तो एक कोण हे बाकीच्या तेवीस घरांना आधीच ठाऊक असतं. मी लिफ्टसमोर उभा राहून नोटीस तीनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचत असताना तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर मागून आले आणि म्हणाले, "तुमचंच आहे ते."

पार्किंगमध्ये पांढरे पट्टे मारायचे होते. महिनाअखेरपर्यंत जादा गाडी हलवली नाही, तर सोसायटी ती गेटबाहेर नेऊन ठेवणार होती. आमच्या दोन. एक माझी स्कूटर, निळी, चार गिअरची, स्टार्ट करताना जिला डावीकडे कलती करावी लागते ती. दुसरी माझ्या सासऱ्यांची मोपेड, म्हणजे इंजिन बसवलेली सायकलच म्हणा. दोन्हींची वयं अशी की त्यांचे सुटे भाग दुकानात मागितले तर दुकानदार आधी आपल्याकडे बघतो, मग आतल्या म्हाताऱ्या माणसाला हाक मारतो.

सासूबाई गेल्यावर सासरे आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडे राहायला आले. सोबत दोन ट्रंका, एक घडीची खुर्ची आणि ही मोपेड. एकतीस वर्षं त्यांनी वीज मंडळात मीटर वाचायचं काम केलं, घरोघर याच गाडीवरून. निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशात छोटी वही आणि पेन्सिल असतेच. रोज सकाळी सात वाजता खाली जाऊन ते मोपेड पुसतात, एक चक्कर मारतात आणि वर येऊन म्हणतात, "ठीक चाललीये." आठ महिन्यांत त्यांनी आमच्या घरात स्वतःहून उच्चारलेलं हे एकमेव वाक्य.

आता मला सांगा, सरळ जाऊन ‘बाबा, तुमची गाडी काढू या’ असं म्हणायला माझी जीभ वळेल का? आणि ‘माझी काढतो’ हेही तोंडातून निघेना, कारण ती स्कूटर मी पहिल्या बढतीला घेतली होती आणि लग्नानंतर बायकोला पहिल्यांदा फिरायला नेलं ते तिच्यावरूनच. मी नोटिशीची बातमी जेवताना दिली. सासरे घास गिळून म्हणाले, "जावईबापू, तुम्ही ठरवा. घर तुमचं आहे." बायको म्हणाली, "मी कुणाच्याच बाजूने नाही." लग्न झालेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ मी सांगायला नको.

मी उठलो आणि फेऱ्या घालायला लागलो. मला एका जागी बसून विचार करता येत नाही. बायको म्हणते की तुम्हाला एका जागी बसून विचार न करतासुद्धा बसता येत नाही. पाचव्या फेरीला मला मार्ग सापडला. अहो, मी वजनमापं तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत काम करतो. दुकानदारांची वजनं आमच्याकडे येतात आणि किलो खरोखर किलो आहे का, ते आम्ही सांगतो. सत्तावीस वर्षांत माझ्या हातून एकही चुकीचा आकडा गेलेला नाही. हे घरी इतक्यांदा सांगून झालंय की मी ‘सत्तावीस’ म्हटलं की उरलेलं वाक्य बायकोच पूर्ण करते.

"शास्त्रशुद्ध तुलना करू," मी जाहीर केलं. "दोन्ही गाड्यांची चाचणी. आकडे काय म्हणतील ते. जिला जास्त गुण तिला जागा. कुणाचं मन दुखायचा प्रश्नच नाही."

"छान," बायको म्हणाली. ज्या सुरात म्हणाली तो सूर मी तेव्हा ऐकला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मी मोठा कागद पसरला आणि पट्टीने तक्ता आखला. इंजिन, शक्ती, वजन, वेग, गिअर, चाकं, पेट्रोलची टाकी. "बाबा, मोपेडचं इंजिन?" मी विचारलं. त्यांनी खिशातली वही काढलीसुद्धा नाही. "पन्नास सीसी. शक्ती दीड अश्वशक्ती. वजन सत्तेचाळीस किलो. गिअर एक. चाकं सोळा इंची. चांगल्या रस्त्याला ताशी पंचेचाळीस, समोरून वारा असला तर अडतीस. लिटरला छप्पन्न." आणि मग जरा थांबून, "पेडल दोन."

मग माझ्या स्कूटरचा रकाना आला. इंजिन? मी लिहिलं, मोठं. शक्ती? मी लिहिलं, भरपूर. त्याच्यापुढे काही सुचेना. एकवीस वर्षं त्या गाडीवर बसलो आणि तिच्याबद्दल खात्रीने एवढंच सांगता आलं की ती निळी आहे. सासरे तक्त्याकडे बघत होते. त्यांनी खिशातली पेन्सिल माझ्यापुढे सरकवली, आणि तेच मला जास्त झोंबलं.

गॅरेजवाल्याकडे गेलो. तो स्कूटरच्या पोटाखाली वाकून म्हणाला, "दीडशे सीसी साहेब, सव्वासहा घोडे. म्हणजे नवी असताना. आता त्यातले दोन-तीन लंगडत असतील." तिथे कात्रीला धार लावून घ्यायला आलेले दातांचे डॉक्टर उभे होते. "आणि मोपेडचा दीड घोडा?" ते म्हणाले. "त्यातला अर्धा पुढचा की मागचा?" हा विनोद त्यांनी संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला ऐकवला. जिन्यात कुणीही भेटलं की मला विचारायचं, अर्धा सापडला का?

सल्ल्यांना तर ऊत आला. मी काही कुणाला विचारलं नव्हतं, पण आमच्या इमारतीत न विचारता मिळणारी एकच गोष्ट मुबलक आहे. वरच्या मजल्यावर शिकवणी घेणाऱ्या बाई म्हणाल्या की गुण देणार असाल तर नीटनेटकेपणालाही द्या. डॉक्टर म्हणाले, आवाजाला हवेत. सकाळी तुमची स्कूटर सुरू झाली की माझ्या पेशंटला वाटतं मी सुरू झालो. सेक्रेटरी म्हणाले की हे सगळं वैयक्तिक पातळीवर होऊ नये, यासाठी समिती हवी. आणि समितीचे अध्यक्ष कोण, हे विचारायच्या आत ते झालेही होते. सदस्य दोन, डॉक्टर आणि शिकवणीच्या बाई.

रात्रीच्या भाकरीआधी मी बायकोला तक्ता दाखवला. "हे काय?" ती म्हणाली. "वजन जास्त, म्हणून गुण जास्त? हा नियम तुम्ही माणसांना का नाही लावत?" मी वजन खोडलं. "टाकी मोठी म्हणून गुण? पेट्रोल पितं कोण जास्त?" मी टाकी खोडली. "आणि गिअर चार म्हणून चार गुण, एक म्हणून एक? चार वेळा बदलायला लागतात, हा दोष आहे की गुण?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी माझ्या स्कूटरला हव्या तशाच कसोट्या निवडल्या होत्या, तेही अगदी निष्पक्षपणे. शेवटी सहा कसोट्या उरल्या. स्टार्ट होणं, बसायची सोय, सामान वाहणं. मग चढ, ब्रेक आणि आवाज. प्रत्येकीला प्रत्येक परीक्षक दहापैकी गुण देणार.

सेक्रेटरींना कागदपत्रांच्या प्रती हव्या होत्या. सासऱ्यांनी ट्रंकेतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तीत मोपेडचा जन्मापासूनचा सगळा इतिहास तारखेनुसार लावलेला होता, पिवळ्या पडलेल्या कागदांना आणखी पिवळे कागद टाचलेले. माझा कागद मला माळ्यावर, पंख्याच्या रिकाम्या खोक्यात सापडला. तो उघडला आणि कपाळावर हात मारला. माझ्या स्कूटरची नोंदणी दोन वर्षांपूर्वीच संपली होती. दोन वर्षं मी, म्हणजे वजनमापं तपासणारा, बेकायदेशीर गाडीवरून कामावर जात होतो!

वाहन कार्यालयात मी तीन दिवस गेलो. पहिल्या दिवशी खिडकीतल्या माणसाने संगणकात बघून विचारलं, "रंग?"

"निळा."

"इथे राखाडी आहे."

"मधे एकदा रंगवून घेतली होती. आधी राखाडी असेलही, आठवत नाही."

"रंग बदलायचा अर्ज केला होता?"

"रंगाला अर्ज लागतो?"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. सरकारी माणसाने सरकारी माणसाकडे असं बघणं हा खरा अपमान. "नोंदीप्रमाणे रंग असेल तरच नूतनीकरण. तोपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका," तो म्हणाला. आता चाचणी सोसायटीच्या आवारातच घ्यावी लागणार होती. आणि चाचणीआधी गाडी नोंदीप्रमाणे व्हावी म्हणून मी ती गॅरेजवाल्याकडून राखाडी रंगवून घेतली. शुक्रवारी फोटो घेऊन पुन्हा खिडकीशी गेलो. त्याने संगणकावरची यादी सरकवून पाहिली, मग जरा जवळ जाऊन पाहिली. "अरे, तुमची खालची ओळ होती. तुमचा निळाच आहे."

मी हातातल्या राखाडी फोटोकडे पाहिलं. मग खिडकीच्या कट्ट्याला धरून विचारलं, "मग आता?"

"आता निळा करून आणा. किंवा रंग बदलायचा अर्ज करा. अर्ज चार नंबरला मिळतो, पण चार नंबर आज रजेवर आहे."

बाहेर येऊन मी कार्यालयाला तीन प्रदक्षिणा घातल्या. पहारेकऱ्याने दुसऱ्या फेरीला विचारलं, "काही हरवलंय का?" मी म्हटलं, हो, निळा रंग.

चाचणी रविवारी सकाळी नऊला. रंग शनिवारी संध्याकाळपर्यंत वाळेल असं गॅरेजवाला म्हणाला होता. वरून वाळला होता, पण आत कुठेतरी तो अजून विचार करत होता, हे मला गाडीवरून उतरल्यावर कळलं. ते पुढे येईलच.

इथे मला एक खुलासा करायचाय, कारण सगळा घोटाळा त्यातच आहे. आमच्या प्रयोगशाळेत तपासणाऱ्याला नमुना कुणाचा, हे कळू देत नाहीत. वजनावर नुसतं ‘अ’ किंवा ‘ब’ अशी पट्टी असते. शिवाय निम्मी तपासणी झाली की पट्ट्या अदलाबदल करतात, म्हणजे तपासणाऱ्याच्या मनात ‘अ’बद्दल काही ग्रह बसला असेल तर तो मोडतो. शेवटी नोंदवहीत बघून बेरीज सुलटी करायची. हे इतकी वर्षं हातात बसलेलं आहे. मी दोन्ही गाड्यांच्या नंबरप्लेटवर पट्ट्या चिकटवल्या. स्कूटर ‘अ’, मोपेड ‘ब’.

"पण सगळ्यांना दिसतंय की ही स्कूटर आहे," बायको म्हणाली.

"दिसेना का. गुण पट्टीवरच्या अक्षराला द्यायचे. गाडीकडे बघायचं नाही." मी समितीलाही हेच बजावलं. शिकवणीच्या बाईंनी मान डोलवली आणि पेन उघडलं.

निष्पक्षपणासाठी दोन्ही गाड्या एकाच माणसाने चालवायच्या होत्या. तो माणूस मी. सेक्रेटरी प्रत्येक कसोटीनंतर गुण मोठ्याने वाचणार होते. गॅलऱ्यांमधून निम्मी इमारत वाकलेली. सासरे घडीची खुर्ची घेऊन आवारातल्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले होते, मांडीवर त्यांची छोटी वही. ते काहीतरी टिपत होते. मला वाटलं, किती किका मारल्या ते मोजतायत.

मारल्याच तितक्या. स्कूटर कलती केली, सरळ केली, किक. पुन्हा कलती, पुन्हा किक. सातव्या किकेला माझी चप्पल उडून जाऊन डॉक्टरांच्या खिडकीखाली पडली. अकराव्याला वरून कुणीतरी मोजायला सुरुवात केली, मागच्या दहा धरून. चौदाव्याला ती खोकून सुरू झाली आणि सगळ्या गॅलऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या मला होत्या की संपल्या म्हणून होत्या, कळलं नाही. मोपेडला मी दोन पेडल मारली आणि ती निमूटपणे चालू झाली. सासऱ्यांनी वर न बघता टिपलं.

बसण्याची सोय आणि सामान, या दोन कसोट्यांना मात्र माझी स्कूटर दाखवून गेली. पाठीमागे बायकोला बसवून फेरी मारली. पुढे दोन पिशव्या, मागे एक. मोपेडवर बायको बसली तेव्हा चाकं जरा बसली आणि बायको म्हणाली, "मी नाही, हे तुमचं वजन आहे." मी शहाऐंशी किलोंचा आहे, कोणी विचारलं तर.

मग चहा. सगळे चहा प्यायला लागले आणि माझे हात सवयीने पुढे झाले. निम्मी तपासणी झाली होती ना! मी खाली वाकलो, दोन्ही पट्ट्या सोडवल्या आणि अदलाबदल करून चिकटवल्या. स्कूटरवरची पट्टी सोडवताना तिच्याबरोबर राखाडी रंगाचा एक पापुद्रा निघाला आणि खालून निळा चमकला. मी अंगठ्याने तो दाबून टाकला आणि अदलाबदल माझ्या वहीत टिपली, ‘विश्रांतीनंतर अ मोपेड, ब स्कूटर.’ एक गोष्ट मात्र केली नाही. कुणाला सांगितलं नाही.

चढ म्हणजे टाकीमागचा उतार, उलटा. स्कूटर अर्ध्यावर जाऊन गप्प बसली. मी घाम पुसत खाली वाकून सगळं तपासलं. "जावईबापू," सासरे खुर्चीतून म्हणाले, "पेट्रोलचा कॉक बंद आहे." चहाच्या वेळी मीच बंद केला होता. उघडला आणि ती आरामात चढली. मोपेड चढाच्या मध्याला श्वास टाकायला लागली. मी पेडल मारायला लागलो. शहाऐंशी किलो, दीड घोडा, आणि वर तीन मजल्यांच्या गॅलऱ्या. "उतरून ढकलू का?" मी ओरडलो. "चालवणाऱ्याने उतरायचं नसतं," सासरे म्हणाले. "मागे कुणी असेल तर त्याने उतरायचं." मागे कुणीच नव्हतं. मी आणि मोपेड, दोघंही धापा टाकत वर पोचलो.

ब्रेक आणि आवाज यथातथाच झाले. आवाजाच्या वेळी डॉक्टरांनी कानात कापूस घातला होता, आणि हा पक्षपात आहे असं मी नोंदवलंही. शेवटी उतरलो आणि गॅलऱ्यांमध्ये एकदम हशा पिकला. माझ्या पँटच्या मागच्या भागावर स्कूटरच्या सीटच्या कडेचा राखाडी रंग अर्धवर्तुळात उमटला होता. मी मागे वळलो तसे सगळे आणखी हसले. मग उरलेला वेळ मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

सेक्रेटरींनी बेरीज वाचली. "अ, एकशे सात. ब, एकशे सात."

डॉक्टर म्हणाले, नाणं उडवा. सेक्रेटरी खिसे चाचपायला लागले. तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी भिंत सोडून पुढे आलो. "थांबा! चहानंतर मी पट्ट्या बदलल्या होत्या."

"का?" तिघांनी एकदम विचारलं.

"पद्धत आहे आमची."

"म्हणजे चहानंतर ‘अ’ मोपेड होती?" सेक्रेटरी म्हणाले.

"मला वाटलंच," शिकवणीच्या बाई म्हणाल्या, "‘अ’ची प्रगती का खालावली. पण गाडीकडे बघायचं नाही असं तुम्हीच सांगितलं होतंत."

खूप आरडाओरडा झाला. एकाला वाटलं सगळं पुन्हा घ्यावं, पण मी पुन्हा चौदा किका मारायला तयार नव्हतो. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्याकडे नोंद आहे ना? घरी जाऊन बेरीज सुलटी करा आणि बारापर्यंत निकाल द्या. तुमच्या आकड्यावर आमचा विश्वास आहे. सत्तावीस वर्षं..." उरलेलं वाक्य त्यांनाही पाठ होतं.

मी पँट बदलली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. चहाआधी स्कूटर एकसष्ट, मोपेड साठ. चहानंतर स्कूटर सत्तेचाळीस, मोपेड सेहेचाळीस. एकूण स्कूटर एकशे आठ, मोपेड एकशे सहा. तीनदा केली बेरीज. स्कूटर जिंकली होती! दोनच गुणांनी, पण जिंकली होती, शास्त्रशुद्ध, समितीसमोर, निम्म्या इमारतीच्या साक्षीने. मी उठून नाचायला हवं होतं. उठलो मात्र, आणि फेऱ्या घालायला लागलो.

"काय निघालं?" बायकोने ओट्यापाशी पाठमोरी राहून विचारलं.

"बघतोय."

फेऱ्या घालताना खिडकीशी आलो. खाली सासरे मोपेडपाशी उकिडवे बसले होते. हँडलखाली एक लोखंडी आकडा होता, मीटर वाचायला जाताना ते त्याला पिशवी अडकवायचे. तो आकडा ते पक्कडीने सोडवत होते. स्क्रू गंजलेला असणार; ते थांबायचे, हात झटकायचे, पुन्हा पिळायचे. मोपेड गेली तरी आकडा ठेवायचा, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. दोन ट्रंका घेऊन माणूस येतो आणि नंतर त्यातलंही काय काय द्यायचं ते मुकाट्याने मोजत बसतो. मी खिडकीशी तसाच थांबलो, आणि मला वाटतं त्या महिन्यात मी पहिल्यांदाच एका जागी उभा राहिलो.

बायको माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने खाली पाहिलं. तिचे डोळे भरले होते. ‘मी कुणाच्याच बाजूने नाही’ म्हणणाऱ्या बाईचे.

मी खाली गेलो. समिती चौकीदाराच्या टेबलाशी बसली होती. कागद मी घडी घालून खिशात ठेवला, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तोंडाने चुकीचं वजन सांगितलं.

"मोपेड एकशे आठ. स्कूटर एकशे सहा."

सेक्रेटरींनी ते नोंदवहीत उतरवलं. कोणी तपासलं नाही, कारण माझा आकडा होता. सासरे पक्कड हातात धरून उभे राहिले, माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा खाली बसून आकडा होता तिथे घट्ट बसवायला लागले.

स्कूटर गॅरेजवाल्याने नेली. सुटे भाग म्हणून, असं तो म्हणाला, पण दुकानासमोर शोभेसाठी उभी करीन असंही म्हणाला. नोंदणी रद्द करायला मी त्याच खिडकीशी गेलो. पाच मिनिटांत काम झालं. रद्द करताना कुणीही रंग विचारला नाही.

मंगळवारी सकाळी मी डबा घेऊन पायी निघालो. गेटपाशी मोपेड फटफटत उभी होती. वर सासरे, इस्त्रीचा शर्ट घातलेले, खिशात वही. "बसा," ते म्हणाले. "तुमचं ऑफिस माझ्या फेरीच्या रस्त्यावरच आहे." त्यांच्या फेरीला कसलाही रस्ता ठरलेला नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी डबा त्या आकड्याला अडकवला आणि मागे कॅरिअरवर बसलो. डॉक्टरांनी खिडकीतून विचारलं, "अर्धा घोडा सापडला वाटतं?" मी ऐकलं नाही असं दाखवलं. चाळीस मोटारी आमच्या बाजूने पुढे निघून गेल्या आणि एक सायकलसुद्धा.

पाण्याच्या टाकीच्या चौकातून पुढे लागलो तसे सासरे वळून न बघता म्हणाले, "जावईबापू, परवाचे गुण मीही टिपले होते. अक्षराने नाही, गाडीने. सेक्रेटरी वाचत होते तसे. चहाच्या वेळी पट्ट्या बदलताना पाहिलं होतं तुम्हाला."

मी कॅरिअर घट्ट धरला. "मग?"

"मग काय. तुमची जिंकली होती. दोन गुणांनी."

"अहो, मग तेव्हाच का नाही बोललात?"

त्यांनी एका खड्ड्याला वळसा घातला. "एकतीस वर्षं मीटर वाचलेत मी," ते म्हणाले. "कुठे वाचणाऱ्याची चूक असते आणि कुठे नसते, ते कळतं." मग घसा खाकरून त्यांनी गती जरा कमी केली. "ठीक चाललीये," ते म्हणाले, आणि हे ते गाडीबद्दल म्हणाले की कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

समोर माझ्या ऑफिसचा चढ दिसायला लागला. मोपेडने श्वास टाकायला सुरुवात केली.

"उतरा आता," सासरे म्हणाले.

मी उतरलो आणि मागून ढकलायला लागलो.